अर्ध्यावरचा काटा

धरणाच्या वसाहतीत आमच्या घराला लोक ‘भांडणाचं घर’ म्हणत. आम्ही भांडत नव्हतो, नुसतं बोलत होतो. सकाळी आईने ‘चहा झालाय’ म्हटलं की शेजारच्या क्वार्टरमधल्या वहिनी दार किलकिलं करून बघायच्या, आज काय बिनसलं म्हणून. रेडिओ लागला की बातम्या साऱ्या वसाहतीला फुकट ऐकायला मिळत. मी त्या वेळी एकोणीस वर्षांची होते आणि माझी समजूत अशी की काही घरांमध्ये तिखट जास्त खातात, काही घरांमध्ये आवाज जास्त असतो, आमचं घर दोन्हींमध्ये बसणारं. घरातल्या घरात एखादी गोष्ट रोज बोटभर वाढत गेली की वाढलेली कळत नाही. परकरातली पोर साडीत कधी आली ते तिच्या आईला कळत नाही, तसंच हे. आज माझ्या स्वतःच्या उजव्या कानात यंत्र आहे आणि माझी सून माझ्याशी जरा जास्तच स्पष्ट बोलते, तेव्हा मला त्या दोन खोल्यांची आठवण येते. सुनेला मात्र मी हे सांगत नाही. तिला वाटेल, सासूबाई टोमणा मारतात.

माझे वडील, आण्णा, धरणावरची लाँच चालवत. खात्याच्या कागदात ती लाँच होती, पलीकडच्या काठावरच्या वाड्यांमधले लोक तिला होडीच म्हणत. धरण बांधलं जात होतं तेव्हापासूनची लोखंडी, जाडजूड बाई, एका अंगाला किंचित झुकून चालणारी. आठवड्यातून चार दिवस ती मास्तरांना, सर्व्हेवाल्यांना आणि दर मंगळवारी लसीची पेटी घेऊन जाणाऱ्या सिस्टरबाईंना पलीकडे नेई आणि परत आणी. आज त्याच पाण्यावर रंगीत होड्या फिरतात, नारिंगी जॅकेट घातलेली माणसं त्यात उभी राहून स्वतःचे फोटो काढतात, आणि काठावर जिथे आमच्या वेळी नागली आणि भात होता तिथे द्राक्षांचे मळे आले आहेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. लाँचमध्ये बसायला नीट जागासुद्धा नव्हती.

लाँचच्या सुकाणूपाशी तीन गोल तबकड्या होत्या. तिसरी डिझेलची. तिचा काटा मी लहानपणापासून अर्ध्यावरच पाहिलेला. टाकी भरली तरी अर्धा, रिकामी झाली तरी अर्धा. साहेब बदलून गेले, नवीन आले, काटा हलला नाही. टाकीत काठी घालून बघावं तर तेल ओतायच्या नळीला मध्येच बाक होता, काठी पुढे जात नसे. पण आण्णांना काठीही लागत नव्हती आणि काटाही. इंजिनाच्या बाजूने टाकीची एक उभी भिंत उघडी होती. आण्णा हातात पाना घ्यायचे, कान लोखंडाजवळ न्यायचे आणि वरून खाली टकटक करत यायचे. पोकळ आवाज जिथे भरीव झाला तिथपर्यंत डिझेल. पंचवटीच्या बाजारात आई माठ असेच वाजवून घ्यायची. फरक इतकाच, की आईचा माठ कधीमधी गळका निघे, आण्णांचा अंदाज कधी चुकत नसे. नवीन माणूस आला की ते मुद्दाम वाजवून दाखवत. ‘काट्याला पगार हाय का? मग तो कशाला काम करील,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मी त्या वर्षी आयटीआयला वायरमनच्या ट्रेडला जात होते. वर्गात आम्ही दोघीच मुली होतो, त्यातली दुसरी दिवाळीनंतर लग्न होऊन गेली. मी जे शिकत होते ते घरी आणून आण्णांना ऐकवायची मला फार खुमखुमी. फ्यूज असा नाही, तसा बांधायचा. बॅटरीत नळाचं पाणी ओतायचं नाही. ते म्हणाले आज वारा पश्चिमेचा, की मी म्हणायची नैर्ऋत्येचा. मी बरोबर असायची असं नाही. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा त्या काळातला स्वभाव होता आणि आण्णांना तो मनातून आवडत असावा. कारण ‘हिला गप्प कर’ म्हणून ते आईला सांगत, स्वतः कधी करत नसत.

एका मंगळवारी लाँच पाण्याच्या मधोमध बंद पडली. सकाळी आण्णांनी नेहमीसारखी टाकी वाजवली होती आणि ‘जाऊन येऊन उरंल’ असं म्हणाले होते. जाताना उरलं, येताना नाही. इंजिनाला दोनदा धाप लागली आणि ते बसलं. सिस्टरबाई, दोन मास्तर आणि आण्णा असे चौघं भर उन्हात तीन तास वाऱ्याबरोबर सरकत राहिले. शेवटी मासेमारी करणाऱ्यांनी दोर टाकून त्यांना काठाला ओढलं. कोणाला काही झालं नाही. पेटीतलं बर्फ वितळलं आणि उरलेली लस वाया गेली, तेवढंच. सिस्टरबाईंनी नंतर आईला सांगितलं की त्या तीन तासांत आण्णा टाकीवर हात ठेवून नुसते बसले होते.

साहेबांपुढे आण्णा म्हणाले, ‘टाकी गळती, साहेब. आन् त्यो काटा पन दुरुस्त करून घ्यावा म्हनतो मी.’

साहेब तरुण होते, पुण्याकडचे. त्यांना हसू आलं. ‘तुम्हाला कधीपासून काटा लागायला लागला? तुम्ही तर कान लावता.’

‘माझं काय, मी हाय तवर हाय,’ आण्णा म्हणाले. ‘पुढच्या मानसाला नको का? आमची इमल शिकती ना तेच. ती करील.’

मला हे जेवताना कळलं. मी ताबडतोब हरकत घेतली की आयटीआयमध्ये आम्हाला घरातलं वायरिंग शिकवतात, लाँचमधलं नाही. आण्णा भाकरी मोडत होते. मला वाटलं ऐकून न ऐकल्यासारखं करतायत.

रविवारी आम्ही दोघं धक्क्यावर गेलो. आईने डब्यात भाकरी, लसणाचा ठेचा आणि कांदा दिला होता. मधल्या दिवसांत बदली ड्रायव्हरने टाकीत थोडं डिझेल घालून लाँच धक्क्याला आणून लावली होती. किती घातलं, हे आण्णांनी त्याला विचारलं नव्हतं. चाळीस वर्षांचा स्वयंपाक झालेल्या बाईने शेजारणीला मिठाचं प्रमाण विचारावं, तसं ते त्यांना वाटलं असणार. मी आधी आडवी पडून टाकीच्या बुडाखाली हात फिरवला. बूड कोरडं, धूळ बसलेली. गळतीची खूण कुठेही नव्हती. मी तसं सांगितलं. ‘आतल्या आत गळत आसंल,’ आण्णा म्हणाले. टाकी आतल्या आत गळून डिझेल जाणार कुठे, असा वाद मी घालायला लागले. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात दिला.

काटा ज्याच्यावर चालतो ती वस्तू टाकीच्या डोक्यावर बसवलेली असते. तिला गॅरेजवाले टँक युनिट म्हणतात. वर एक चकती, चकतीखाली टाकीत उतरलेली तारेची दांडी, दांडीच्या टोकाला पितळेची पोकळ डबी. डिझेलबरोबर डबी वरखाली होते, दांडी हलते, तसा वरचा काटा हलतो. सोपं आहे. अवघड होतं ते तिथवर पोचणं. लाँच बांधणाऱ्याने आधी टाकी ठेवली होती, तिच्यावर फळ्या मारल्या होत्या आणि फळ्यांवर ड्रायव्हरचं बाकडं कायमचं ठोकून टाकलं होतं. हे पुन्हा कधी उघडावं लागेल असं त्याच्या मनातही आलं नसावं. बाकडं सुटायला दहा वाजले. फळ्यांचे स्क्रू गंजून लाकडाशी एकजीव झाले होते. त्यांवर रॉकेल सोडून वाट बघायची, मग थोडं फिरवायचं, पुन्हा वाट बघायची. दोन फळ्या निघाल्यावर हात जाईल एवढी जागा झाली आणि त्या जागेतून मी पोटावर झोपून डोकं आत घातलं. आत डिझेलचा, गंजाचा आणि मेलेल्या उंदराचा वास होता.

चकतीवर षटकोनी डोक्याचे पाच स्क्रू आणि मध्ये एक वायर. गुरुजींनी शिकवलं होतं की आधी दोष कुठे आहे ते शोधायचं, मगच पाना लावायचा. मी बाहेर येऊन आण्णांना बॅटरीचं बटण चालू करायला सांगितलं आणि परत आत जाऊन वायर काढून टाकीच्या लोखंडाला टेकवली. बाहेर काटा अर्ध्यावरून निघाला आणि हळूहळू सरकत थेट भरल्याच्या खुणेवर गेला. मी मान बाहेर काढून तो पाहिला. जन्मात पहिल्यांदा तो काटा हललेला बघत होते, मला फार आनंद झाला. म्हणजे काटा शाबूत, वायर शाबूत, टँक युनिट गेलेलं. मी पुन्हा डोकं आत घालून ओरडले, ‘आण्णा, बटण बंद करा.’

थोडं थांबून मी पहिल्या स्क्रूला पाना लावला. पाना वायरला आणि लोखंडाला एकदम लागला आणि माझ्या नाकापुढे ठिणगी उडाली. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी झटकन मी उलटी सरकत बाहेर आले. बटण चालूच होतं. आण्णा माझ्याकडे पाठ करून पाण्याकडे बघत उभे होते, हात मागे बांधून, अगदी निवांत.

‘आण्णा.’ काही नाही. ‘आण्णा, बटण.’ काही नाही. मी हातातला पाना बाकड्याच्या लोखंडी पायावर हाणला. लांबच्या बगळ्यांनी माना वळवल्या, आण्णांनी नाही. मग मी जाऊन बटण बंद केलं आणि त्यांच्या समोर गेले. ते माझ्या तोंडाकडे बघू लागले. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. गेलं वर्षभर ते असंच बघत होते आणि मला वाटत होतं, मी फार महत्त्वाचं बोलते म्हणून बघतात. त्या क्षणी मला माझी लाज वाटली, आणि त्यांचा रागही आला. पलीकडे जाणारी माणसं त्यांच्या भरवशावर बसत होती.

मी परत आत शिरले, पाच स्क्रू काढले, त्यातला एक तुटला, आणि युनिट तिरकं करून बाहेर ओढलं. दांडी सांध्यात गंजून बरोबर अर्ध्यावर जाम झाली होती. आण्णांनी ते हातात घेऊन उलटंपालटं केलं. उघड्या भोकातून मी टॉर्च टाकून आत पाहिलं. खाली तळाशी जेमतेम चार बोटं डिझेल होतं, त्यात टॉर्चचा उजेड चमकत होता.

‘थांब,’ आण्णा म्हणाले. ‘तू सांगू नको. मी सांगतो.’

त्यांनी पाना घेतला. इंजिनाच्या बाजूला उतरले, वाकले, कान लोखंडाला जवळजवळ चिकटवला आणि डोळे मिटले. वरून खाली टकटक करत आले. मध्यावर थांबले, पुन्हा वर गेले, पुन्हा खाली. इतका वेळ त्यांना कधी लागत नसे. मग उठले.

‘अर्ध्याला बोटभर कमी,’ ते म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं. ‘बराबर?’

‘बरोबर,’ मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. पाना फडक्याने पुसला, पिशवीत ठेवला. मग म्हणाले, ‘चल, भाकरी खाऊन घेऊ.’ आम्ही धक्क्यावर पाय सोडून बसलो. त्यांनी अर्धीच भाकरी खाल्ली. ठेचा फार तिखट झालाय म्हणाले. तो रोजच्यासारखाच होता. मी तसं म्हणाले नाही.

घरी आल्यावर आई कुळथाचे शेंगोळे वळत बसली होती. मी तिच्याजवळ बसून हळू आवाजात विचारलं, ‘आण्णांना ऐकू येत नाही?’

‘मला इचारती?’ आई म्हणाली. तिचे हात थांबले नाहीत. ‘दीड वरीस मी बोंबलून बोलते, ती काय हौस म्हनून?’

‘मग मला का नाही सांगितलंस?’

‘सांगितलं आसतं तर तू दुसऱ्या दिवशी त्यान्ला ऐकू येत नाय हे त्यान्लाच पटवून द्यायला बसली आसती. त्यान्ला वाटतं, इंजिनाचा आवाज डोक्यात बसलाय, जाईल हळूहळू. लाँच हाय म्हनून मानूस उभा हाय, इमल. लाँच गेली तर बसून जाईल. झाकली मूठ ऱ्हाऊ दे.’

एकीकडे ही मूठ होती आणि दुसरीकडे सिस्टरबाई, मास्तर, पलीकडून बाजाराला येणाऱ्या बाया. मला त्या वेळी एक मधला मार्ग सुचला आणि तो सुचल्याचा मला अभिमान वाटला. काटा नीट बसवायचा. काटा खरं सांगेल, तर कान खोटं बोलले तरी चालेल. ऐकू न येणाऱ्या माणसाला डिझेलशिवाय आणखी शंभर गोष्टी ऐकू येत नसतात, हे एकोणिसाव्या वर्षी माझ्या डोक्यात आलं नाही. ते आज येतं, मागून हॉर्न वाजवून दमलेला रिक्षावाला शेवटी बाजूने जाताना मला काहीतरी बोलून जातो तेव्हा.

बुधवारी आम्ही एसटीने नाशकात द्वारका चौकात गेलो. तिथल्या पार्टच्या दुकानात ट्रकचं टँक युनिट मिळालं. दुकानदार सगळं आण्णांकडे बघून सांगत होता, आण्णा त्याच्या ओठांकडे बघून मान हलवत होते, आणि ऐकत होते मी. ट्रकची टाकी खोल, लाँचची उथळ, त्यामुळे दांडी लांब पडत होती. पुढच्या रविवारी मी टाकीची खोली पट्टीने मोजून दांडी वाकवली, डबी तळाला आणि छताला घासणार नाही अशी. पाच भोकांतलं एक मुद्दाम किंचित सरकवलेलं असतं, म्हणजे चकती एकाच तऱ्हेने बसते, चुकीची बसवता येत नाही. खाली कॉर्कचं नवं पॅकिंग घातलं. मग आण्णा कॅनने मोजून डिझेल ओतत गेले आणि दर कॅनला काटा जिथे थांबला तिथे मी काचेवर लाल नेलपॉलिशने रेघ ओढली. बारा रेघा झाल्या. साहेब येऊन बघून गेले. ‘वा, विमलताई,’ ते म्हणाले. मला कोणी ताई म्हणण्याची ती पहिली वेळ.

सोमवारपासून आण्णांनी एक नवीन गोष्ट सुरू केली. लाँचवर चढले की आधी तबकडीकडे एक चोरटी नजर टाकायची, मग पाना घेऊन टाकी वाजवायची, आणि उठून मोठ्याने सांगायचं, ‘सात कॅन.’ मास्तर काट्यावरच्या रेघा मोजायचे, तर सात. ‘अजून कान कसा आहे बघा यांचा,’ असं ते वसाहतीत सांगत फिरले. मी सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर असले की आण्णा माझ्याकडे बघत नसत. मीही पाण्याकडे बघे. आमच्या घरात इतकं गुण्यागोविंदाने कधीच चाललं नव्हतं. वाराही पश्चिमेचाच वाहत होता.

दीड महिना असा गेला. मग एका मंगळवारी आण्णा अकरा वाजताच घरी आले आणि खाटेवर बसले. लाँचची किल्ली त्यांच्या कमरेला नव्हती. झालं असं होतं, की आडव्या येणाऱ्या एका लहान होडीतला मासेमार ओरडत होता, हात हलवत होता. सिस्टरबाईंनी आण्णांची बाही ओढली तेव्हा त्यांनी सुकाणू फिरवलं. हातभर अंतर राहिलं. आण्णांनी सिस्टरबाईंना पलीकडे पोचवलं नाही. तिथूनच लाँच वळवून परत आणली, साहेबांच्या टेबलावर किल्ली ठेवली आणि स्वतःच्या तोंडाने सांगितलं की मला ऐकू येत नाही. साहेब म्हणाले, तपासून घेऊ, घाई काय आहे. आण्णा म्हणाले, तपासलंय.

त्यांना धरणाच्या भिंतीजवळ पाण्याची पातळी बघायचं काम मिळालं. सकाळी आणि संध्याकाळी भिंतीवरच्या आकड्यांवर पाणी कुठपर्यंत आलं ते बघायचं आणि वहीत लिहायचं. त्याला कान लागत नाहीत. आईला भीती होती तसे ते बसून गेले नाहीत. थोडे स्वतःच्या आत गेले एवढंच. मला पुढे एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरी लागली, मी तिकडे राहू लागले. त्या रविवारच्या माझ्या खोट्याबद्दल मी कोणाजवळ बोलले नाही. माझ्या मनात असं पक्कं होतं, की मी ‘बरोबर’ म्हणाले म्हणून आण्णांना आणखी दीड महिना लाँच मिळाली. चूक होती, धोक्याची होती, पण मुलीने बापाला दिलेली भेट होती. ती मी जपून ठेवली.

ते निवृत्त व्हायच्या वर्षी मी दिवाळीला घरी गेले होते. संध्याकाळच्या पातळीला त्यांच्याबरोबर भिंतीवर गेले. पाणी तुडुंब होतं. आण्णांनी वाकून आकडा बघितला आणि मला सांगितला. मी बघितला तर त्यांनी एक कमी सांगितला होता. मी त्यांच्या समोर जाऊन, ओठ नीट हलवून सांगितलं, ‘चुकलं. एक जास्त आहे.’

त्यांनी पुन्हा वाकून बघितलं, आकडा वहीत सुधारला आणि हसले. मग एकदम विचारलं, ‘त्या दिशी टाकीत किती व्हतं गं?’

मला कुठला दिवस ते विचारावं लागलं नाही. मी चार बोटं वर केली.

‘हां,’ ते म्हणाले. ‘लय कमी आसंल, एवढं मला मागनं कळलं व्हतं. तवर वाटायचं, टाकी गंजली आसंल, पाना हलका आसंल, कायबी आसंल. मंग तू बराबर म्हनाली. जन्मल्यापासून माझ्या एका बोलन्याला तू बराबर म्हनली नव्हती. तवाच समजलो, कान गेले.’